सात नंबरची भूल

४ जानेवारी १९८८, सोमवार

आज रुजू झालो. भीमपूरच्या फाट्यावर बसमधून उतरताना ट्रंकेची कडी तुटली आणि माझे शर्ट, पुस्तकं आणि आईने दिलेला चटणीचा डबा सगळं रस्त्यावर पसरलं. घ्यायला आलेले कंपाउंडर उत्तमराव गंभीर चेहऱ्याने वेचू लागले. पण बैलगाडी सुरू झाल्यावर त्यांचे खांदे हलत होते, ते मी मागून बघत होतो. डॉक्टरसाहेबांचं आगमन असं थाटात झालं.

उपकेंद्र गावापासून अर्ध्या मैलावर, कापसाच्या शेतांमध्ये आहे. लांबट कौलारू इमारत, मागे गोठा, त्याला लागून कडब्याची खोली, आणि एका टोकाला माझी खोली. पैनगंगा दोन कोसांवर. नदीपलीकडचे लोकही इथे बैल घेऊन येतात म्हणे.

काम शिंगाच्या कॅन्सरचं. बैलाचं शिंग एका बाजूला कलतं, तो सारखी मान झटकतो, नाकातून रक्त येतं. शिंग मुळापासून कापलं तरच बैल वाचतो, आणि कापायचं तर जागा बधिर करावी लागते. जुनं इंजेक्शन चांगलं आहे, पण खेड्यापाड्यांत पोचत नाही. आमचे मुख्य डॉ. सुधाकरराव यांनी नवं औषध आणलं आहे. त्याला अजून नाव नाही, बाटलीवर नुसता सातचा आकडा आहे, म्हणून सगळे त्याला सात नंबर म्हणतात. चाळीस बैलांवर ते सिद्ध करायचं. एकोणीस झाले आहेत. उरलेले एकवीस माझ्या मदतीने होतील, मग हैदराबादहून कमिटी मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, येईल, आणि अहवालावर दुसरं नाव माझं असेल. ते झालं की नोकरी कायम, शिवाय पुढच्या शिक्षणाची जागा.

आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांचे बैल हाकले. बाबा मास्तर झाले. मी बैलांचा डॉक्टर. इंद्रवेल्लीला आमच्या गल्लीत आई हे रोज कोणाला ना कोणाला ऐकवत असणार. मला लाज वाटते, पण बरंही वाटतं.

६ जानेवारी

पहिलं ऑपरेशन पाहिलं. नंबर वीस. बैलाचं नाव पाखऱ्या, डावं शिंग.

बैल लोखंडी खोड्यात उभा करतात. डोळा आणि शिंग यांच्या मधल्या जागी सात नंबर टोचायचं. दहा मिनिटं थांबायचं. मग शिंगाच्या मुळाशी सुई टोचून बघायची, आणि हलला नाही की तारेची करवत लावायची. एकाने दोन्ही टोकं धरून तार मागेपुढे ओढायची, दुसऱ्याने बैलाकडे बघत वेदनेचा तक्ता भरायचा. तक्त्यात शून्य ते चार गुण आहेत. शून्य म्हणजे हालचाल नाही, चार म्हणजे दोर तोडायला निघाला.

पाखऱ्याने शून्य घेतला. शून्य म्हणजे अगदी शून्य. तार हाडात शिरली तेव्हा तो रवंथ करत होता. कॉलेजात जुन्या इंजेक्शनची ऑपरेशनं खूप पाहिली, पण तिथेही बैल कान तरी हलवतोच. सुधाकररावांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू शिंग त्यांनी फुंकरीने उडवलं होतं. मी मनापासून अभिनंदन केलं.

१२ जानेवारी

इथली मंडळी आता कळू लागली. सुधाकरराव आदिलाबादचे. कपड्याची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीतही जपून बसतात. उत्तमराव कमी बोलतात आणि माझ्या ट्रंकेला त्यांनी दोरी बांधून दिली आहे. तिसऱ्या गयाबाई. गोठ्याचं सगळं त्यांच्याकडे. वय पंचावन्न असेल. इमारतीच्या मागे त्यांनी वांगी लावली आहेत. मला जेवणात रोज वांगंच मिळतं आणि मी रोज फार छान म्हणतो, त्यामुळे चूक माझीच आहे.

गयाबाईंची एक गंमत आहे. बैल खोड्यात घातला की त्या पुढे येतात, त्याच्या कपाळावरून तोंडापर्यंत दोन्ही हात फिरवतात, आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडतात. लेकराची अलाबला, म्हणजे त्याची इडापिडा आपल्यावर, घ्यावी तशी. आपल्याकडे बाया पाहुण्यांची घेतात, परीक्षेला जाणाऱ्या पोरांची घेतात. बैलाची घेताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी थट्टेने म्हटलं की बाई, औषध आम्ही देतो आणि श्रेय तुम्ही घेता. त्या हसल्या आणि डोक्याला फडकं घट्ट बांधून कडब्याच्या खोलीत गेल्या. त्यांचं डोकं फार दुखतं, असं उत्तमराव म्हणाले. गोळी दिली. घेतली की नाही माहीत नाही.

२१ जानेवारी

नंबर पंचवीस झाला. सगळे शून्य.

आज सवड होती म्हणून जुनं रजिस्टर चाळलं. एक ते चाळीसच्या आधी एक वेगळं पान आहे, त्यावर लिहिलंय ‘मात्रा ठरवणे’. तीन बैल. तिघांचेही गुण चार. एकाने खोड्याची सळई वाकवली, अशी नोंद आहे. मग मात्रा वाढवली आणि नंबर एकपासून शून्य सुरू झाले ते आजतागायत. मात्रा किती वाढवली ते पाहिलं तर अगदी किंचित. एवढ्याने चारचा शून्य व्हावा याचं नवल वाटलं. सुधाकररावांना विचारलं तर ते म्हणाले की संशोधन म्हणजे हेच, एक थेंब इकडचा तिकडे झाला की दार उघडतं. मला ते वाक्य आवडलं.

आईला पत्र लिहिलं. बाबा वाचून दाखवतील. तिला इकडे यायचं आहे, मी मुआयना झाल्यावर ये म्हटलं.

२८ जानेवारी

आज फार वाईट झालं.

गयाबाई जैनथला लेकीकडे गेल्या होत्या, लेकीचं बाळंतपण आहे. नदीपलीकडच्या एका म्हाताऱ्याचा बैल आला होता. इंजेक्शन मीच दिलं. जागा बरोबर होती, मात्रा बरोबर होती, दहा मिनिटांऐवजी पंधरा थांबलो. सुई टोचली तशी त्याने मान झटकली. सुधाकरराव म्हणाले की बैल बुजरा आहे, करा सुरू. तार हाडाला लागली आणि तो ओरडला. बैल हंबरतो तसा तो आवाज नव्हता. पुढचे दोन्ही पाय त्याने वर घेतले, दोर तुटला, उत्तमरावांच्या हाताला जखम झाली. आणि शिंग अर्धं कापलेलं, त्यामुळे थांबताही येईना.

मी कपाटातून जुन्या इंजेक्शनची बाटली आणली, सुधाकररावांना न विचारता दिली, आणि मग कसंबसं उरकलं. म्हातारा बाहेर उकिडवा बसून रडत होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

सुधाकररावांनी ती नोंद वगळायला सांगितली. इंजेक्शनची सुई चुकली असेल, असं ते म्हणाले. मग स्वतः उठले आणि जुनं औषध कपाटात ठेवून कुलूप लावलं. सुई चुकली नव्हती.

३० जानेवारी

गयाबाई आल्या. नंबर सव्वीस. अलाबला घेतली. शून्य.

उत्तमरावांना विचारलं की ही बाई कामाला कधीपासून. त्यांनी हाताची पट्टी घट्ट केली. मग म्हणाले की ते पहिले तीन बैल झाले ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

मायेच्या हाताने जनावर शांत होतं याला शास्त्र आहे. दूध काढतानाही तेच होतं. पण हाडातून जाणारी तार मायेने कळायची थांबत नाही. मी भलतंसलतं मनात आणणाऱ्यातला नाही. आमच्या घरात बाबांनी नवस, अंगारे, देवऋषी सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं आहे. म्हणून हे मोजूनच बघायचं ठरवलं.

३ फेब्रुवारी

मोजलं. न मोजता राहिलो असतो तर बरं झालं असतं.

सुधाकरराव आदिलाबादला गेले होते. नंबर एकोणतीस, लाल्या, उजवं शिंग. सात नंबरच्या बाटलीत मी उकळून गार केलेलं मिठाचं पाणी भरलं. उत्तमरावांनाही सांगितलं नाही. गयाबाईंनी बैलाच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, आणि नेहमीप्रमाणे कडब्याच्या खोलीत गेल्या. मी पाणी टोचलं. दहा मिनिटं थांबलो. सुई टोचली. लाल्या रवंथ करत होता.

कडब्याच्या खोलीला खोड्याच्या बाजूने एक झरोका आहे. मी उत्तमरावांना तार ओढायला सांगितली आणि झरोक्यातून आत पाहिलं. गयाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदराचा बोळा दातांत धरलेला. तार सुरू झाली आणि त्यांचा उजवा डोळा मिटला, उजव्या कानशिलाची शीर टरारून वर आली. मी उत्तमरावांना थांबा म्हटलं. शीर बसली. ओढा म्हटलं. वर आली. पुन्हा थांबा म्हटलं. पुन्हा ओढा म्हटलं. त्यांच्या तोंडून आवाज आला नाही. बोटसुद्धा हललं नाही.

तिसऱ्या खेपेची काही गरज नव्हती. खात्री दुसऱ्या खेपेलाच झाली होती. तरी मी तिसऱ्यांदा थांबवलं आणि ओढायला लावलं. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहिणार.

लाल्याला शून्य.

४ फेब्रुवारी

गयाबाई वांग्यांना पाणी घालत होत्या, तिथे जाऊन बसलो. मला सगळं माहीत झालं आहे असं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. पहिल्या दिवशी त्या कामाला आल्या तेव्हा आदल्या दिवशीचा बैल गोठ्यात थरथरत उभा होता, म्हणे. पुढचा बैल खोड्यात घातला तेव्हा त्यांना राहवलं नाही, म्हणून अलाबला घेतली. पोटची पोरं असोत की वासरं, जन्मभर घेतच आल्या, आणि कधी काही झालं नाही. या खोड्याजवळ घेतली ती मात्र खरीच अंगावर आली. पहिल्या बैलाचं दुखणं दोन दिवसांत जाईल असं त्यांना वाटलं होतं. ते गेलं नाही, नुसतं मागे सरकून बसलं, आणि त्याच्या पुढ्यात दुसरं आलं. आता एकोणतीस आहेत.

मी विचारलं की मग सांगितलं का नाही. त्यांनी घागर खाली ठेवली.

“त्याले सांगता येत नाही बापू, म्हून तुमी सुई टोचून टोचून त्याले इचारता. मले सांगता येते, तर मले कोनी इचारतच नाही.”

त्यांनी चार वांगी तोडून माझ्या हातात दिली.

५ फेब्रुवारी

सुधाकररावांना सांगितलं. पाण्याचा प्रयोगही सांगितला. वाटलं होतं की हसतील किंवा मला हाकलून देतील. त्यांनी उठून दार लावलं आणि जपून खुर्चीत बसले. त्यांना आधीच माहीत होतं का, ते मला कळलं नाही. मग म्हणाले,

“तुम्ही विश्वास ठेवू नका. मीही ठेवत नाही. फक्त मुआयना होईपर्यंत तिला रजा देऊ नका.”

बाहेर पडताना त्यांनी माझ्या पुढच्या शिक्षणाच्या जागेची चौकशी केली. बावीस तारखेला कमिटी येते आहे. शेवटचे सहा बैल त्यांच्या समोर, एकाच दिवशी.

१४ फेब्रुवारी

नंबर चौतीस झाला. गयाबाईंनी जेवण कमी केलं आहे, घास चावताना कानशील दुखतं. पाणी पिताना भांडं दोन्ही हातांनी धरतात. गुरांचं मात्र काही सोडत नाहीत.

जुन्या औषधाच्या बाटल्या कपाटात आहेत. किल्ली सुधाकररावांच्या टेबलाच्या खणात असते आणि खण उघडाच असतो. सहा बैलांना पुरेल एवढं औषध आहे. सात नंबरच्या बाटलीत ते भरायचं, एवढंच. त्या बिचारीने हात फिरवायचीही गरज नाही. पण जुन्या औषधाने बैल कान हलवतो, कमिटीत जाणकार असणार, एकाने जरी बाटली हुंगून पाहिली तर फसवणुकीत माझं नाव पहिलं. कायम व्हायचं राहिलं बाजूला, डॉक्टरकीही जाईल.

आज दोनदा त्या खणापर्यंत गेलो. मी भित्रा माणूस आहे. हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

गयाबाईंनाच विचारलं की सहा जमतील का. मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, सहा झाले म्हणजे मग मी लेकीकडे जाईन, नातू पाहून येईन.

२२ फेब्रुवारी, सोमवार

झालं.

तीन जीपा आल्या. हार, चहा, सुधाकररावांचं भाषण. सहा बैल ओळीने. पहिल्याच्या वेळी गयाबाई नीट चालत होत्या. चौथ्याच्या वेळी उत्तमरावांनी त्यांना खांद्याला धरून आणलं. कमिटीतले एक वयस्क गृहस्थ म्हणाले की आदिवासी भागातल्या या भाबड्या प्रथा किती सुंदर असतात. त्यांनी फोटोही काढला.

सहावा कापताना तार माझ्या हातात होती. मी झरोक्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं.

सहा शून्य. चाळीस पुरे झाले. टाळ्या वाजल्या. माझा हात हातात घेऊन कोणीतरी बराच वेळ हलवला.

जीपा गेल्यावर कडब्याच्या खोलीत गेलो. गयाबाई बसलेल्याच होत्या. डोळे उघडे, दातखीळ बसलेली, हाक मारली तर बाहुल्या तेवढ्या माझ्याकडे वळल्या. हूं नाही की चूं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की बाई निवांत बसली आहे. उत्तमरावांनी आणि मी गाडीत घालून त्यांना घरी नेलं.

२३ फेब्रुवारी

सकाळी त्यांच्या घरी गेलो. कपाटाचं कुलूप उघडून जुनं औषध घेतलं होतं. आज ते किती सोपं झालं. खणाला हात लावायला दहा दिवस लागले, आणि आज दहा सेकंदही लागले नाहीत. माणसाला द्यायचा मला अधिकार नाही, तरी दिलं, दोन्ही कानशिलांना. काही उपयोग नाही. तिथे काही कापलेलंच नाही, मग बधिर काय होणार.

शेजारची बाई म्हणाली की झोप लागली असेल, किती शांत पडली आहे बघा. डोळ्यांतून पाणी सारखं कानात जात होतं.

मग मी ते केलं. मला नीट येतही नाही, पुरुष कुठे करतात. त्यांच्या कपाळावरून हनुवटीपर्यंत दोन्ही हात फिरवले. माझ्या कानशिलांवर बोटं टेकली आणि मोडली. खूप वाजली. एवढी कशी वाजली, असं माझ्या मनात आलं.

गयाबाईंनी मोठा श्वास घेतला. दातखीळ सुटली. त्या उठून बसल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि गुरांना पाणी कोणी घातलं ते विचारलं. मग माझ्याकडे नीट बघून त्यांच्या ध्यानात आलं. माझा हात धरून म्हणाल्या, “काऊन केलं बापू? एक घेतला असता. तू तं समदेच घेतले.”

त्या परत माझ्या तोंडाकडे हात नेऊ लागल्या, तेव्हा मी त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि लेकीकडे जायला सांगितलं. आजच्या आज. जीवनात एकदा तरी मी वेळेवर काहीतरी केलं. उत्तमराव त्यांना पोचवायला जैनथपर्यंत गेले.

मला काही होत नव्हतं. चालत परत आलो. गोठ्याजवळ हौदाशी आलो तेव्हा डाव्या बाजूने पहिलं सुरू झालं.

२४ फेब्रुवारी

एकामागून एक येतात. क्रमाने येतात. मला प्रत्येक ओळखू येतो, विसापासूनच्या नोंदी मीच केल्या आहेत, आधीच्या रजिस्टरात वाचल्या आहेत. पाखऱ्याचं डावं. लाल्याचं उजवं, तेही तसंच, थांबत थांबत. थांबतं. मग सुरू होतं. थांबतं. मग सुरू होतं. तीन वेळा.

ती तिसरी खेप.

चाळीस झाले की पुन्हा एकपासून.

२५ फेब्रुवारी

ओरडावं वाटतं. आवाज निघत नाही. हलताही येत नाही फारसं. उजवा हात तेवढा चालतो, हळू. उत्तमराव सकाळी डोकावले, साहेब आराम करा म्हणाले. मी शांत दिसतो त्यांना.

वेदनेच्या तक्त्यात मला किती गुण पडतील –

शून्य.

२६ फेब्रुवारी

सुधाकरराव आले होते. अहवालाची प्रत टेबलावर ठेवली. दुसरं नाव माझं. माझ्याकडे बघत दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. हात खिशात. मग केंद्राला आठवडाभर सुट्टी जाहीर करून गेले.

दुसऱ्या कोणाला द्यावं का – आलं मनात. खोटं कशाला लिहू. उत्तमरावांचं नाव आलं. गोठ्यातल्या गाईचंही आलं. पण हे देता येत नाही. कोणीतरी मायेने घ्यावं लागतं.

माझ्यावर इथे कोण माया करणार. म्हणजे बरंच आहे. माझ्यापाशीच राहील, माझ्याबरोबर संपेल –

२७ फेब्रुवारी

उत्तमराव गावाला जाताना सांगून गेले. काळजी करू नका साहेब. बसच्या कंडक्टरकडे इंद्रवेल्लीला निरोप धाडला आहे. उद्या दुपारच्या बसने तुमच्या आई येतील.

नाही म्हणायचं होतं. जबडा –

ते गेले.

आई. आईच येणार. आल्याबरोबर तोंडावरून हात फिरवणार. परगावाहून आलो की उंबऱ्यातच फिरवते. आजारी असलो की आधी तेच.

२८ फेब्रुवारी, रविवार

दाराला कडी लावायची. चार पावलं. सकाळपासून निघालो आहे. एक पाऊल झालं. मग बावीस नंबर सुरू झाला.

चिठ्ठी लिहिली. मोठ्या अक्षरात. आई, मला हात लावू नकोस.

तिला वाचता येत नाही. बाबांनी अर्ध्या तालुक्याला अक्षर शिकवलं. घरात शिकवायचं राहून गेलं. मलाही कधी सुचलं नाही –

बसचा आवाज. फाट्यावर. म्हणजे पाऊण तास. ती भरभर चालते, अर्धा.

दुसरं पाऊल. पडलो. वही हाताशी आहे.

अंगणात कोणी – गोठ्याकडे विचारते आहे. कोणी नाही तिथे. नागो, नागो म्हणते आहे. हसत म्हणते आहे.

दार

आई, नको. वही दाखवतो आहे तिला. वहीकडे बघते. म्हणते बाई किती अभ्यास करशील. खाली बसली. डोकं मांडीवर

हात गार आहेत. कपाळ. डोळे. गाल

नको आई नको नको

वाजली

थांबलं. सगळं थांबलं. दुखत नाही. कुठेच दुखत नाही. जबडा सुटला. हात दोन्ही हलतात. आई समोर भिंतीला टेकून बसली आहे. शांत दिसते. डोळे उघडे. बाहुल्या माझ्याकडे.

आता मला फक्त हात फिरवायचा आहे. तिच्या तोंडावरून. मग बोटं. घेतो. परत घेतो ना. पाच दिवसांनी पहिल्यांदा श्वास नीट आला आहे, एवढा एक श्वास घेऊन मग. आई, घेतो. एवढं लिहून झालं की लगेच घे –